सीफूडचं पाजॉन मधोमध लिबलिबीत राहतंय? या क्रमाने तपासा

घरी कोरियन सीफूड पाजॉन, म्हणजे कांद्याची पात आणि सीफूड घातलेलं धिरडं, करणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. कडा छान लालसर होतात, कुरकुरतात, आणि मधोमध मात्र ओला गोळा. बुसानमधल्या माझ्या स्वयंपाकघरात, इथल्या ओळखीच्या मराठी घरांत आणि पुण्याहून येणाऱ्या व्हिडिओ कॉलवर मी हाच दोष वारंवार दुरुस्त करत आले आहे. लोकांचा पहिला संशय पिठावर जातो. मग कोरियन दुकानातून महागाचं तयार पीठ येतं आणि पुढचं पाजॉनही तसंच होतं. माझ्या अनुभवात खरं कारण जवळजवळ नेहमी पाणीच निघतं: कोळंबीने सोडलेलं, पातीवर राहिलेलं, पिठात जास्त पडलेलं किंवा आच कमी पडल्यामुळे उडून न गेलेलं.

पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास अडकून राहतं. खरपूस रंग यायला ते साधारण १४० अंशांच्या वर जावं लागतं. म्हणजे पाणी हटलं नाही तर पाजॉन तव्यावर असूनही उकडलंच जातं. पुढची प्रत्येक तपासणी याच एका गोष्टीभोवती फिरते.

आधी लक्षणं नीट बघा

- कडा कुरकुरीत, मध्य ओला: सीफूडचं पाणी, नाहीतर मधे जास्त जाड थर.
- सगळंच मऊ, रंग फिका: आच कमी, तेल कमी किंवा तवा पुरेसा तापलेला नाही.
- बाहेरून करपलं, आत कच्चं पीठ: आच जास्त आणि थर जाड.
- चावताना चिवट: पीठ जास्त फेटलंय किंवा फार घट्ट आहे.
- तेलकट आणि जड: पीठ पडलं तेव्हा तेल गार होतं.
- पलटताना तुकडे: घाई झाली, किंवा पात-सीफूडच्या मानाने पीठ कमी पडलं.
- तव्यावर असताना कुरकुरीत, ताटात आल्यावर पाच मिनिटांत मऊ: करण्यात काही चूक नाही, वाढण्यात आहे.

हा दोष आहे ना, याची खात्री करा

हे विचारण्याचं कारण आहे. बुसानच्या दोंगने भागातलं प्रसिद्ध पाजॉन मऊच असतं. त्यात तांदळाचं पीठ असतं, अख्ख्या कोवळ्या पाती जवळजवळ लावलेल्या असतात, वरून अंडं ओततात आणि झाकण ठेवून आतून वाफेवर शिजवतात. ते सोया सॉसऐवजी चोगोचुजांग म्हणजे व्हिनेगर घातलेल्या आंबट-तिखट मिरचीच्या चटणीबरोबर खातात. त्याची कृती बघून केलेलं पाजॉन कुरकुरीत झालं नाही म्हणून हळहळू नका, ते बरोबर झालंय.

उलट टोकाला सोलमध्ये ह्वेगी स्टेशनजवळची पाजॉनची गल्ली. तिथलं पाजॉन जाडजूड असतं आणि भरपूर तेलात जवळजवळ तळून काढतात. घरच्या दोन-तीन चमचे तेलात तेवढी जाडी जमत नाही. ग्वांगजांग बाजारातलं बिंदेत्तॉक तर भिजवून वाटलेल्या मुगाचं, त्याचा हिशोबच वेगळा. या मजकुरात मी बोलतेय ते घरगुती, पातळ, दोन्ही बाजूंनी खरपूस पाजॉनबद्दल.

तपासणी १: एक चमचा पीठ (खर्च शून्य)

काहीही बदलण्याआधी हे करा. तवा तापवा, तेल घाला आणि नुसतं पीठ एक चमचा टाका. त्याच्या शेजारी पात घातलेलं एक चमचा, आणि तिसरीकडे पात व सीफूड दोन्ही घातलेलं एक चमचा. तिन्ही पुरीएवढे पसरा, सारख्या वेळाने पलटा.

नुसतं पीठसुद्धा मऊ राहिलं, तर दोष पिठात किंवा आचेत आहे. नुसतं पीठ कुरकुरीत झालं आणि सीफूडवालं ओलं राहिलं, तर पिठाला हात लावू नका, थेट तपासणी ४ वर जा. पात घातल्याबरोबर बिघडलं, तर पात ओली आहे. एवढ्या पाच मिनिटांत निम्मा शोध संपतो, आणि तरीही बहुतेक जण ही पायरी गाळतात.

तपासणी २: ताटात काय होतं

गरम पाजॉनमधून वाफ निघत असते. ते सपाट ताटलीत ठेवलं की खालची वाफ अडकते, तिचं पाणी होतं आणि तेच पाणी पाजॉन परत शोषून घेतं. एकावर एक रचली किंवा वरून झाकण ठेवलं की दोन्ही बाजू गेल्या. तव्यावरून काढल्यावर दोन मिनिटं जाळीवर ठेवा. जाळी नसेल तर रोळी पालथी घाला, तीही चालते. मगच कापा.

सॉस वरून ओतू नका, घासागणिक बुडवा. दोन चमचे सोया सॉस, एक चमचा व्हिनेगर, एक चमचा पाणी, चिमूटभर तिखट आणि थोडे तीळ, एवढं पुरतं.

कोरियात पावसाच्या दिवशी पाजॉन आणि माकगोली (तांदळाची दारू) ही ठरलेली जोडी आहे, पण दमट हवेत कुरकुरीतपणा लवकर जातो हेही तितकंच खरं. जुलैत बुसानमध्ये काय आणि मुंबईत काय, सगळी करून मग पंगत बसवू नये. एक होईल तसं एक वाढावं.

तपासणी ३: आच आणि तेल

तवा आधी रिकामाच मध्यम आचेवर तापवा, मग तेल घाला, आणि तेल तापलं की पिठाचा थेंब टाका. थेंब लगेच चुरचुरला आणि त्याच्या कडेने बुडबुडे आले, तर तवा तयार. थेंब पडून नुसता पसरला, तर थांबा. गार तेलात पीठ पडलं की कवच धरण्याआधी ते तेल पितं, आणि तेलकटपणा येतो तो असा. (नॉनस्टिक तवा मात्र रिकामा जास्त वेळ किंवा मोठ्या आचेवर ठेवू नका. साधारण २६० अंशांच्या पुढे त्याचा थर विघटित होऊ लागतो आणि त्याचा धूर अंगाला बरा नाही. त्याच्यात तेल आधीच घाला.)

तेलाबाबत हात आखडता घेऊ नका. २६ सेंटीमीटरच्या तव्याला पहिल्यांदा तीन मोठे चमचे, आणि पलटल्यावर कडेने एक ते दोन चमचे. आपल्याकडे धिरड्याला लागतं तेवढ्या तेलात पाजॉन होत नाही, कारण इथे तेलाचं काम चिकटू न देण्यापुरतं नसून उष्णता पोचवण्याचं आहे. पिठाच्या खाली जिथे तेल नाही, तिथे फिका ठिपका राहतो. पलटल्यावर रंग बघा: डाग-डाग असेल तर तेल कमी पडलंय. तिळाचं भाजकं तेल तळायला वापरू नका, ते लवकर करपतं आणि कडवट होतं. सूर्यफुलाचं किंवा रिफाइंड शेंगदाण्याचं तेल ठीक.

पीठ घातल्यावर पहिलं मिनिट आच मध्यमपेक्षा थोडी वर, मग मध्यम. एक बाजू चार मिनिटं, दुसरी तीन. शेवटी परत पलटून मोठ्या आचेवर अर्धं ते एक मिनिट. ही शेवटची पायरी बरेच जण सोडतात, आणि नेमकं तिथेच बाहेर आलेलं उरलंसुरलं पाणी उडतं.

तपासणी ४: सीफूड आणि पात कोरडी आहेत का

खरं दुखणं इथे असतं, म्हणून इथे थोडं रेंगाळते.

बाजारात मिळणाऱ्या गोठवलेल्या सीफूड मिक्सवर बर्फाचा पातळ थर चढवलेला असतो. तो वितळतो, आणि त्याच वेळी गोठताना फुटलेल्या पेशींमधलं पाणीही बाहेर येतं. वाटीभर कोळंबी आणि माकूल (स्क्विड) रात्रभर चाळणीत ठेवून फ्रिजमध्ये वितळू द्या आणि सकाळी खालचं भांडं बघा: तळाशी गढूळ, किंचित गुलाबी पाणी साचलेलं दिसेल. ते सगळं नाहीतर तुमच्या पाजॉनच्या पोटात गेलं असतं. गरम पाण्याखाली धरून घाईत वितळवू नका. बाहेरून शिजतं, आत गारच राहतं आणि पाणी मग तव्यावर सुटतं.

वितळल्यावर मिठाच्या पाण्यातून एकदा विसळा. साध्या पाण्यात बुडवून ठेवलं तर ते आणखी पाणी पितं. मग सुती पंचावर पसरा, वरून दुसरा पंचा घालून तळहाताने दाबा. पंचा ओला झाला की बदला. तिसऱ्यांदा दाबल्यावर तो कोरडा राहिला पाहिजे. तरीही पाणी सुटतच असेल, तर उकळत्या पाण्यात २० ते ३० सेकंद घालून लगेच काढा, पूर्ण गार करा आणि परत टिपा. सुटायचं ते पाणी पातेल्यात सुटतं. चव थोडी कमी होते हे मान्य, पण गोठवलेल्या मिक्ससाठी मी हाच मार्ग धरते. ताजी कोळंबी असेल तर त्याची गरज नाही.

माकुलाच्या अर्धा सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्या करा. जाड वळी पाणी धरून ठेवतात आणि रबरासारखी होतात. मोठी कोळंबी उभी चिरून दोन करा, म्हणजे ती सपाट बसते आणि तव्यावरून वर उचलली जात नाही. तिसऱ्या (लहान शिंपल्या) वापरणार असाल तर आधी समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात, म्हणजे लिटरला साधारण ३० ग्रॅम मीठ, काही तास अंधारात ठेवून वाळू सोडू द्या. मग वाफवून कवचातून काढा आणि त्यांचं पाणी वेगळं ठेवा. ते पाणी चवीला सुंदर असतं. पिठात घालायचंच असेल तर गार करून, साध्या पाण्याच्या जागी आणि मोजून घाला, वरून ओतू नका. कालवं सगळ्यांत जास्त पाणी सोडतात. पहिल्या प्रयत्नाला ती नकोतच.

प्रमाण: १०० ग्रॅम पिठाला १२० ते १५० ग्रॅम सीफूड, त्याहून जास्त नाही. कौतुकाने मूठभर जास्त घातलेली कोळंबी मध्य ओला ठेवते.

आता पात. कोरियात यासाठी जोकपा नावाची बारीक, कोवळी पात वापरतात. आपल्याकडची कांद्याची पात चालते, फक्त खालचे जाड कांदे उभे चिरून घ्या. धुतल्यावर पात झटकून सोडून देऊ नका. पोकळ नळीच्या आत पाणी राहतं. पानं खाली लोंबतील अशी जुडी धरून जोरात झटका, मग पंचात गुंडाळून अर्धा तास ठेवा. तव्यावर घालण्याआधी पातीवर कोरडं पीठ भुरभुरा आणि जास्तीचं झटकून टाका. ते पीठ उरलेला ओलावा पकडतं आणि पाती एकमेकींना धरून राहतात. पलटताना तुकडे पडत असतील तर बऱ्याचदा एवढ्यानेच थांबतं.

तपासणी ५: पीठ

कोरियन दुकानातलं तयार पीठ म्हणजे बुचिमगारू. मैदा, स्टार्च, मीठ, थोडी बेकिंग पावडर आणि लसूण-कांद्याची पूड असं ते साधारण असतं. पुण्यात कोरियन किराणा मिळतो, पण यासाठी मुद्दाम फेरी मारायची गरज नाही. ७० ग्रॅम मैदा, २० ग्रॅम तांदळाची पिठी, १० ग्रॅम कॉर्नफ्लॉवर, पाव चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा मीठ आणि लसणाची एक बारीक किसलेली पाकळी. तांदळाच्या पिठीत ग्लुटेन नसतं, म्हणून ती चिवटपणा कमी करते आणि कवच टणक करते.

पाणी बर्फाचं आणि १५० मिलीलीटरच्या आसपास. गार पाण्यात ग्लुटेन सावकाश तयार होतं, शिवाय गार पीठ आणि गरम तेल यांच्या भेटीत कवच पटकन धरतं. दहा-बारा वेळा ढवळून थांबा. थोड्या गुठळ्या राहिल्या तर राहू द्या. इडलीच्या पिठासारखं फेटत बसलात की पाजॉन चिवट होणारच. भिजवून ठेवूही नका. तवा तापत ठेवल्यावर पीठ कालवा.

चमच्यातून सलग धार पडली पाहिजे, आणि चमच्याच्या पाठीवर बोट फिरवल्यावर रेघ राहिली पाहिजे. रेघ लगेच भरून आली तर पाणी जास्त झालंय. अंडं पिठात कालवू नका, त्याने पीठ मऊ होतं. हवंच असेल तर एक अंडं फेटून वरून ओता, पलटण्याच्या जरा आधी.

तपासणी ६: थर आणि पलटणं

आधी निम्मं पीठ तव्यावर पसरा, त्यावर पाती एका दिशेने, एकाच थरात. मग सीफूड पसरून, मधोमध मुद्दाम थोडं कमी. उरलेलं पीठ फटींमध्ये चमच्याने. एकूण जाडी एक सेंटीमीटरच्या आत ठेवा. मोठा तवा आहे म्हणून मोठं पाजॉन करू नका. दोन लहान केली की पलटायला सोपी आणि मध्यही शिजतो.

वरच्या कडा सुकल्या, तवा हलवल्यावर पाजॉन सरकू लागलं, की पलटा. सरकत नसेल तर ते तयार नाही, कालथ्याने ओरबाडू नका. उडवून पलटायचा आग्रह नको: ताटलीवर सरकवा, तवा वर पालथा घाला, हातमोजे घालून उलटं करा. मात्र आधी मोकळं तेल वाटीत ओतून घ्या, नाहीतर ते मनगटावर येतं. पलटल्यावर कालथ्याने हलकं दाबा. पलटण्याआधी दाबलं तर कच्चं पीठ वर येतं आणि पात उघडी पडते.

तपासणी ७: तवा

इथपर्यंत सगळं केलं आणि दोष तसाच आहे, तर भांड्याकडे वळा. तव्यात एक चमचा तेल घालून सपाट ओट्यावर ठेवा. तेल कडेला पळत असेल तर तळ फुगलाय, आणि मध्य नेहमी कोरडा आणि फिका राहणार. सगळं तेल मधे जमत असेल तर उलट दोष. पातळ ॲल्युमिनियमचे तवे गरम असताना गार पाण्याखाली धरले की असे वाकतात. बिडाचा तवा असेल तर तो वापरा. तो तापायला वेळ घेतो, पण गार पीठ पडल्यावर एकदम थंड होत नाही.

इंडक्शनवर आणखी एक भानगड असते. आतलं वेटोळं लहान आणि तवा मोठा असेल तर मध्य लाल, कडा पांढऱ्या. गॅसच्या मोठ्या बर्नरवर नेमकं उलट: ज्वाळा कडेला आणि मधे गार. तेव्हा दर मिनिटाला तवा थोडा सरकवा. नवा तवा घेण्याआधी हे करून बघा.

तपासणी ८: शेगडी

ज्वाळा निळी हवी. पिवळी असेल आणि भांड्याच्या बुडाला काजळी धरत असेल, तर गॅस पूर्ण जळत नाही. उष्णता कमी मिळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गॅस बंद करून बर्नर पूर्ण गार झाल्यावर त्याची टोपी काढा, भोकं पिनेने मोकळी करा, धुऊन पूर्ण सुकवून परत बसवा. तुमच्याने करायचं ते एवढंच.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

बर्नर साफ करूनही ज्वाळा पिवळीच राहिली, तर मेकॅनिक. जेट, नळी, रेग्युलेटर यांना स्वतः हात लावू नका. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, विजेचं कोणतंही बटण चालू किंवा बंद करू नका, बाहेर पडा आणि भारतात १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. कोरियात ११९.

तव्यातल्या तेलाने पेट घेतला तर पाणी टाकू नका. गॅस बंद करून वर झाकण सरकवा आणि ते लगेच उचलू नका. ज्वाळा झाकणाखाली मावत नसेल तर बाहेर पडून अग्निशमन दल.

सीफूडला अमोनियासारखा उग्र वास येत असेल तर त्यावर लिंबू, लसूण, तिखट कशाचाही उपाय नाही. टाकून द्या.

खाल्ल्यावर कुणाच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा घसा सुजला, श्वास लागला, तर घरगुती औषधात वेळ घालवू नका. महाराष्ट्रात १०८, कोरियात ११९. कोळंबीची ॲलर्जी शिजवल्याने जात नाही, कारण तिला कारण ठरणारं मुख्य प्रथिन उष्णतेने मोडत नाही. घरी पाहुणे असतील तर पीठ कालवण्याआधी विचारून घ्या, आणि ॲलर्जी असलेल्यासाठी भाजीचं पाजॉन वेगळ्या तव्यावर, वेगळ्या तेलात करा.

शिनाण्यांबद्दल एक खास गोष्ट. कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावर वसंतात शिनाणे आणि इतर शिंपल्यांमध्ये लकवा आणणारं विष साठू शकतं, म्हणून सरकार त्या काळात तपासणी करतं आणि गरज पडली तिथे ते काढायला बंदी घालतं. हे विष शिजवूनही जात नाही आणि गोठवूनही जात नाही. म्हणून त्या दिवसांत खडकावरून स्वतः काढून आणलेली शिनाणी पाजॉनमध्ये घालू नका, तपासणी झालेली दुकानातूनच घ्या. खाल्ल्यावर ओठांना, जिभेला मुंग्या आल्या किंवा बधिरपणा वाटला, तर थेट रुग्णालय गाठा आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगा. उरलेलं पाजॉन टाकू नका, बरोबर न्या.